संध्याकाळचं माप

मिस्त्री : पाय पिशवीत, आणि पायाचे मालक कुठे? वहिनी, माझ्याकडे लोक पाय घालून येतात. नुसता पाय पाठवणारे तुमचे मालकच पहिले.

वहिनी : थट्टा नंतर करा, मिस्त्री. ते समोर इस्पितळात आहेत. परवापासून.

मिस्त्री : का? शुगर?

वहिनी : जखम झालीय. खाली टोकाला, तुम्ही केलेला पाय जिथे बसतो तिथे. आज एक वाजता ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, मागे गुडघ्याखालून काढला होता, आता गुडघ्याच्या वरून काढावा लागेल.

मिस्त्री : वरून? अहो, पंधरा दिवसांपूर्वी याच फरशीवर त्यांनी मला गिरकी घेऊन दाखवली. म्हणाले, मिस्त्री, तुमच्या मुलीच्या लग्नात नाचतो. मी म्हटलं, मला मुलगी नाही. तर म्हणाले, मग दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नात नाचतो.

वहिनी : ताप येईपर्यंत मलाही दाखवलं नाही. दार लावून पट्टी बदलायचे, विचारलं तर 'खरचटलंय' म्हणायचे. दोन कामं सांगून पाठवलंय मला. एक, हा पाय आठ महिन्यांचाच आहे, नव्यासारखा. कुणा गरजूला द्या म्हणाले.

मिस्त्री : हा काय सदरा आहे, याचा काढला आणि त्याला घातला? एका माणसाचा पाय दुसऱ्याला होत नाही, वहिनी. दुसरं काम?

वहिनी : गुडघ्याच्या वरून गेला, तर नव्या पायावर दिवसाचे दहा तास उभं राहता येतं का, ते विचारायला सांगितलंय. डॉक्टर 'बघू' म्हणतात. हे म्हणाले, मिस्त्रीला विचार, तो खरं सांगेल.

मिस्त्री : चालता येतं. जिना चढता येतो, सावकाश.

वहिनी : मी उभं राहायचं विचारलं. सलूनमध्ये खुर्चीमागे. हातात वस्तरा आणि समोर माणसाचा गळा.

मिस्त्री : गुडघ्याच्या जागी आम्ही बिजागरी बसवतो. गुडघा आम्हाला देता येत नाही. बिजागरीवर दहा तास, आणि हात स्थिर... कठीण आहे.

वहिनी : म्हणजे नाही.

मिस्त्री : कठीण म्हटलं मी.

वहिनी : 'कठीण' घरी नेऊन मी काय करू? 'नाही' असेल तर 'नाही' द्या. दुकान विकायचं की ठेवायचं, ते मला ठरवायचंय.

मिस्त्री : आणा तो पाय इकडे. टेबलावर ठेवा, उजेडात. ही आत पांढरी पुटं कसली?

वहिनी : पावडर. गिऱ्हाइकाच्या मानेला लावतात ना, ती.

मिस्त्री : इतकी? लहान मूल न्हाऊ घातल्यासारखी? आणि हे काय चिकटलंय? प्लास्टिक?

वहिनी : पिशवीचा तुकडा असेल. कधी कधी फाटून आतच राहायचा.

मिस्त्री : कसली पिशवी, वहिनी?

वहिनी : साधी, पातळ. आधी पावडर, मग पायावर पिशवी, मग पाय तुमच्या त्या वाटोळ्यात ढकलायचा.

मिस्त्री : सॉकेटमध्ये.

वहिनी : हां, त्यात. पिशवीमुळे सरकतो ना आत. मग पिशवी वरून ओढून काढायची. निम्म्या वेळा निघायची, निम्म्या वेळा फाटायची. कर्रर्र आवाज यायचा, शेजारीण विचारायची, सकाळी सकाळी काय फाडता हो तुम्ही?

मिस्त्री : हे कधीपासून?

वहिनी : हा पाय आला तेव्हापासून. रोज सकाळी अर्धा तास. हे भिंतीला पाठ लावून उभे, मी खाली बसून सॉकेट धरलेलं, आणि हे वरून भार टाकणार. दोघंही घामाघूम. मी म्हणायची, नवरा आहे की बाटलीचं बूच! हसायचे. हसत हसत दात आवळायचे.

मिस्त्री : मला एका शब्दाने बोलले नाहीत.

वहिनी : काय बोलणार? दुपारी एक-दीडला फोन करायचे, 'बसला गं.' संध्याकाळी तर विचारू नका. जेवताना मांडीवर थाप मारून म्हणायचे, जणू आईच्या पोटातून घेऊन आलो. मला वाटलं, नवी चप्पल चावते तसा नवा पायही चावत असेल.

मिस्त्री : चप्पल आठ दिवस चावते. आठ महिने नाही.

वहिनी : ते मला आता सांगताय?

मिस्त्री : मी चार वेळा तपासला, वहिनी. चारही वेळा मी स्वतः, हे बोट आत घालून. बोटाला हवी तेवढीच जागा, ना कमी ना जास्त. तेवीस वर्षांत इतका नेमका पाय माझ्या हातून उतरला नव्हता.

वहिनी : किती वाजता तपासला?

मिस्त्री : दुकान आवरून यायचे ते. साडेसात, आठ.

वहिनी : संध्याकाळी.

मिस्त्री : संध्याकाळीच.

वहिनी : आणि सकाळी जातच नव्हता. असं कसं, मिस्त्री? पाय तोच, माणूस तोच.

मिस्त्री : माणूस तोच नसतो. सकाळचा माणूस वेगळा, संध्याकाळचा वेगळा. तुम्ही त्यांची उंची सकाळी भिंतीवर खूण करून ठेवा आणि रात्री परत मोजा. नखभर कमी भरेल. दिवसभर उभं राहून पाठीचा कणा दबतो.

वहिनी : संध्याकाळी सगळेच नवरे बुटके होतात. त्याला मोजपट्टी कशाला?

मिस्त्री : तुमच्या-माझ्या पायांचं उलटं असतं, ते संध्याकाळी सुजतात. चपलांच्या दुकानवाल्याला ठाऊक असतं. पण कापलेल्या पायाचा खुंट दिवसभर सॉकेटमध्ये आवळलेला असतो. त्यातलं पाणी दाबून दाबून वर जातं. संध्याकाळपर्यंत तो बारीक होतो. रात्री पाय काढून झोपलं की परत भरतो. रोज भरती, रोज ओहोटी. ह्यांचा तर जरा जास्तच.

वहिनी : म्हणून जुन्या पायात मोजे घालायचे?

मिस्त्री : म्हणूनच. सकाळी एक मोजा, दुपारी दोन, संध्याकाळी चार.

वहिनी : पाच. वाळत घालायची मी. एका पायाच्या माणसाचे पाच मोजे दोरीवर. पण जुना पाय सकाळी सुळकन जायचा. मग हा का नाही?

मिस्त्री : शुगरचं काही सांगता येत नाही, वहिनी. शुगर फार वाईट. अंगावर सूज आणते, जखम कळूही देत नाही. डॉक्टर काय म्हणाले?

वहिनी : तेच म्हणाले. साखरेने खाल्लं. खालपर्यंत रक्तच पोचत नसणार, म्हणून वरून काढायचा. आणि सगळ्या वॉर्डासमोर मला विचारलं, घरी काय खायला घालता? मी मान खाली घातली.

मिस्त्री : तुम्ही कशाला?

वहिनी : कारण घालत होते मी. रविवारी त्यांच्या चहात एक चमचा साखर. आठवडाभर कडू तोंडाने काम करतो माणूस, एक दिवस सुख. परवापासून तेच मोजतेय. दोन वर्षांचे रविवार म्हणजे शंभरावर चार. एकशे चार चमचे. एवढ्यात पाय गेला त्यांचा. तुम्ही खाली का बघताय?

मिस्त्री : कुठे? पाय बघतोय.

वहिनी : पाय टेबलावर आहे. तुम्ही फरशीकडे बघताय.

मिस्त्री : एकशे चार चमच्यांनी कुणाचा पाय जात नाही.

वहिनी : मग कशाने जातो?

मिस्त्री : मापात तर चूक नाही. वहीत लिहिलेलं आहे सगळं. तीन ठिकाणचा घेर, लांबी, तारीख, वेळ.

वहिनी : दाखवा.

मिस्त्री : तुम्हाला त्यातलं काय कळणार?

वहिनी : आकडे कळतात मला. दुकानाचा हिशेब मीच ठेवते. दाखवा... हे काय, वेळ सकाळी साडेनऊ?

मिस्त्री : माप सकाळीच घ्यायचं असा इथला नियम आहे. आठ ते दहा.

वहिनी : ही तारीख शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवसाची आहे, मिस्त्री. त्या दिवशी सकाळी सातपासून दुकानात पोरांची रांग होती, रस्त्यापर्यंत. मी स्वतः झाडू घेऊन उभी होते, केसांत घोटा बुडत होता. साडेनऊला हे इथे कसे येतील?

मिस्त्री : तारीख चुकली असेल.

वहिनी : मग कुठल्या दिवशी घेतलं? सांगा. मी वही आणते आमची, ताडून बघू.

मिस्त्री : मिटा ती वही, वहिनी.

वहिनी : संध्याकाळी घेतलंत ना?

मिस्त्री : रात्री आठला. आले ते केसांनी भरलेले, पार दमलेले. म्हणाले, मिस्त्री, सकाळी दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक समोरच्याकडे जातं आणि समोरचा परत देत नाही. आत्ता घ्या माप. आणि हे मोज्यांचं लचांड सोडवा, संध्याकाळी जुना पाय खुळखुळ्यासारखा वाजतो. मी म्हटलं, असा पाय करून देतो की संध्याकाळीसुद्धा एक मोजा लागणार नाही.

वहिनी : आणि वहीत सकाळ लिहिलीत.

मिस्त्री : आमच्या वर्कशॉपचे साहेब बघतात ना वही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! नियम बरोबर होता, वहिनी. सकाळी खुंट भरलेला असतो तेव्हा माप घ्यायचं. मग दिवसा सैल झाला तर मोजा घालून भरता येतो. पण घट्ट झाला, तर माणसाच्या अंगातून काढणार काय? मी संध्याकाळच्या रोडावलेल्या खुंटाचं माप घेतलं, आणि रोज सकाळी त्यात भरलेला खुंट कोंबला गेला. आठ महिने. वरून आवळलेला, टोकाला रक्त कोंडलेलं. बाटलीचं बूच म्हणालात ते तंतोतंत खरं आहे.

वहिनी : म्हणजे साखरेने नाही.

मिस्त्री : साखरेने जखम भरू दिली नसेल. जखम मी केली.

वहिनी : तीन दिवस मी तोंड लपवून फिरतेय त्या वॉर्डात.

मिस्त्री : कळतंय मला.

वहिनी : काही कळत नाही तुम्हाला. डॉक्टरांना हे ठाऊक आहे?

मिस्त्री : कोण सांगणार? पाय तपासायला कुणी मागितलाच नाही.

वहिनी : ठाऊक झालं तर काय फरक पडेल? खरं सांगा. 'कठीण' नको.

मिस्त्री : ते म्हणताहेत खाली रक्त पोचत नाही. पण रक्त सॉकेटने अडवलं असेल, तर हा नकली पाय काढून ठेवल्यावर ते परत येत असेल. रक्त येत असेल तर खालची जखम साफ करून, फार तर चार बोटं अजून काढून गुडघा वाचवता येतो. येईलच असं नाही. पण ते बघतील तरी.

वहिनी : आता पावणेअकरा झालेत. मग बसलात काय?

मिस्त्री : ही वही साहेबांच्या सहीची आहे. खोटी वेळ लिहिली हे माझ्या तोंडाने सांगायचं म्हणजे... माझे निवृत्तीला अकरा महिने राहिलेत, वहिनी.

वहिनी : तुमचे अकरा महिने. त्यांच्या गुडघ्याचे सव्वादोन तास. करा वजाबाकी.

मिस्त्री : फोन लावा त्यांना. मोठ्याने लावा, मलाही ऐकू द्या.

वहिनी : हॅलो. अहो, मी मिस्त्रींकडेच आहे. ते बोलतात.

सलूनवाला : काय मिस्त्री! पाय पोचला का घरी? माझ्याआधी तोच डिस्चार्ज घेऊन गेला. मला इथे असा हिरवा झगा घातलाय, पाठीमागून सगळा उघडा. मी सिस्टरना म्हटलं, आमच्या दुकानात यापेक्षा बरा कपडा गळ्यात बांधतो.

मिस्त्री : राजे, एक विचारतो. सकाळी पाय जात नव्हता, हे मला का नाही सांगितलंत?

सलूनवाला : हिने सांगितलं होय?

मिस्त्री : मी विचारतोय.

सलूनवाला : अहो, सकाळी जात नव्हता, पण संध्याकाळी तर बसायचा ना. तुमच्याकडे आलो की खरंच बसलेला असायचा, खोटं नाही. तुम्ही बोट घालून बघायचात आणि तोंड असं फुलायचं तुमचं! रात्री आठला थांबून माप घेतलं होतं तुम्ही माझ्यासाठी. त्यावर सकाळची रड कुठे गाऊ?

मिस्त्री : गायची होती!

सलूनवाला : मिस्त्री, माझा धंदा काय? कापून झालं की मागे आरसा धरतो. माणूस मान वळवून बघतो आणि 'छान' म्हणतो. न आवडलं तरी छानच म्हणतो. पैसे देतो, घरी जातो आणि महिनाभर टोपी घालतो. तीस वर्षं बघतोय. माझी पाळी आली तेव्हा मीही छान म्हणालो.

वहिनी : भीड भिकेची बहीण, म्हणून कधीची सांगतेय मी तुम्हाला.

सलूनवाला : तू अजून तिथेच? मग दुसऱ्या कामाचं काय? उभं राहता येतं का?

मिस्त्री : ऐका, राजे. माप मी चुकीच्या वेळी घेतलं. पाय सकाळी तुम्हाला आवळत होता, त्याने जखम झाली. डॉक्टरांना सांगा, गुडघ्याला हात लावायच्या आधी हा पाय आणि माझी वही बघा. नुसतं हो म्हणू नका, सांगा. भूल द्यायला आले तरी सांगा.

सलूनवाला : तुमचं नाव येईल त्यात.

मिस्त्री : येऊ द्या.

सलूनवाला : साहेब तुम्हाला—

मिस्त्री : राजे, आता पुरे! चांगलं म्हणवून घ्यायची हौस दोघांनाही भोवली. मी वही घेऊन येतोय. वहिनी, पाय उचला, पिशवीत घालू नका. असाच हातात घ्या, डॉक्टरांना आतलं दिसलं पाहिजे.

(दुपारी अडीच. ऑपरेशनच्या खोलीबाहेरचा बाक. वही मिस्त्रींच्या मांडीवर.)

वहिनी : डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला, ते परत सांगा.

मिस्त्री : तिसऱ्यांदा?

वहिनी : तिसऱ्यांदा.

मिस्त्री : आधी ओरडले. मग पाय हातात घेऊन खिडकीपाशी गेले, आत टॉर्च मारला. म्हणाले, आधी खालीच उघडतो. रक्त आलं आणि हाड स्वच्छ निघालं, तर गुडघा ठेवतो.

वहिनी : 'ठेवतो' म्हणाले?

मिस्त्री : 'तर' म्हणाले. 'तर ठेवतो.'

वहिनी : आणि मला म्हणाले, बाई, मी त्या दिवशी बोललो ते मनावर घेऊ नका. एवढंच. वॉर्डासमोर बोलले होते, हे मात्र दाराआड म्हणाले. साहेबांना कळवलंत?

मिस्त्री : मघाशीच. पानाचा फोटो काढून पाठवला. चौकशी लागेल. तोवर माप मी घ्यायचं, पण सही दुसऱ्याची.

वहिनी : अजून किती जणांचं घेतलंय संध्याकाळी?

मिस्त्री : तिघांचं. एक पोस्टमन, एक शिवणकाम करणारी बाई, एक रखवालदार. मोज्याशिवायचा पाय म्हणून नाव झालं होतं माझं.

वहिनी : ते काय म्हणतात?

मिस्त्री : छान म्हणतात.

वहिनी : बोलवा त्यांना.

मिस्त्री : बोलावलंय. उद्या सकाळी सातला, पाय न घालता या म्हटलं. रखवालदार विचारत होता, न घालता येऊ कसा? मी म्हटलं, रिक्षाने ये, भाडं मी देतो.

वहिनी : दीड तास झाला. खालीच काम असतं तर एवढा लागला असता?

मिस्त्री : साफ करायला वेळ लागतो. कापायला कमी लागतो.

वहिनी : हे मनाचं सांगताय.

मिस्त्री : मनाचंच.

वहिनी : सिस्टर आली दारात. बोलावतेय. तुम्ही बसा, मी जाते.

मिस्त्री : मी येऊ?

वहिनी : बसा म्हटलं ना...

मिस्त्री : आलात? काय म्हणाली सिस्टर?

वहिनी : शुद्धीवर येतोय माणूस. नीट आहे.

मिस्त्री : आणि?

वहिनी : वरून.

मिस्त्री : खाली उघडलंच नाही?

वहिनी : उघडलं होतं त्यांनी, बोलल्याप्रमाणे. रक्त होतं म्हणे, चांगलं होतं. तुम्ही म्हणालात तसंच. पण पू हाडातून सांध्यात शिरला होता. पंधरा दिवस आधी आणलं असतं तर गुडघा राहिला असता, म्हणाली.

मिस्त्री : पंधरा दिवसांपूर्वी ते माझ्याकडे आले होते.

वहिनी : हो.

मिस्त्री : मी बोट घालून बघितलं.

वहिनी : गप्प बसा आता जरा. मला दुकानाचा विचार करायचाय, आणि तुम्ही रडायला लागलात तर तोही करता येणार नाही.

मिस्त्री : रडत नाही मी.

वहिनी : खुर्ची विकली तर आरसे कोण घेणार? ते भिंतीतच बसवलेत... असू दे. ते शुद्धीवर आले की पहिलं हेच विचारतील, उभं राहता येतं का.

मिस्त्री : काय सांगणार?

वहिनी : नाही म्हणून सांगणार. तुमच्या नावावर सांगणार.

मिस्त्री : सांगा. वहिनी, टाके निघून सूज उतरली की माप लागेल. मला परत घ्यायचंय. इथे नको, घरी येतो मी. सकाळी ते अंथरुणातून उठायच्या आत घेईन, आणि संध्याकाळी परत. पाय केल्यावरही महिनाभर दोन्ही वेळा येऊन बघेन. या म्हणाल का घरी? की दुसरा मिस्त्री बघाल?

वहिनी : दुसरा तरी कोण वेगळा असतो? या.

मिस्त्री : येतो.

वहिनी : पण पाय कसा बसलाय ते मला विचारा. त्यांना नाही.